करिंथच्या मंडळीतला पंक्तिप्रपंच

खरी उपासना कोणती, हा प्रश्न निघाला की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातलं ‘आत्म्याने व खरेपणाने’ हे वचन हमखास निघतं आणि थोड्याच वेळात चर्चा गाण्यांवर येते. जुनी गीतं पेटी-तबल्यावर म्हणायची की ड्रम आणि गिटार आणायचे, छापील उपासनाक्रम पाळायचा की मोकळेपणी प्रार्थना होऊ द्यायच्या. दोन्हीकडचे लोक मनापासून बोलत असतात. पण नव्या करारात एक प्रकरण असं आहे, की दोन्ही बाजूंना हवं असलेलं जवळपास सगळं तिथे हजर होतं. गाणी होती, शिक्षण होतं, अन्य भाषांतून बोलणं होतं, संदेश देणारे होते, भाकर आणि प्यालाही होता. तरीही प्रेषित पौलाने करिंथच्या त्या मंडळीला लिहिलं, की तुम्ही एकत्र जमता त्याने तुमचं भलं होत नाही, नुकसान होतं. आणि तुम्ही जे जेवता ते प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेणं, नव्हेच.

करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय, १७ ते ३४ वचनं. प्रभुभोजनाच्या रविवारी यातलाच मधला तुकडा आपण वाचतो. त्याच्या आधीचं आणि नंतरचं बहुतेक वेळा वाचलं जात नाही, आणि प्रकरण आहे ते तिथेच.

आधी गाव समजून घ्यायला हवं. ग्रीसमधलं जुनं करिंथ रोमन सेनापती मुम्मियसने इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने तिथे नवी रोमन वसाहत वसवली, आणि वसायला आलेल्यांत मुक्त झालेल्या गुलामांचा भरणा मोठा होता. दोन समुद्रांमधल्या चिंचोळ्या पट्टीवरचं गाव. एका अंगाला लेखेयन बंदर, दुसऱ्या अंगाला किंख्रिया. माल, खलाशी, दलाल, दर दोन वर्षांनी भरणारे इस्थमियन खेळ. अशा ठिकाणी नाव ना घराणं असलेला माणूसही पैशाच्या बळावर वर चढू शकतो, आणि चढल्यावर ते चारचौघांत दिसावं अशी त्याची धडपड असते. तिथल्या नाट्यगृहाजवळ एक फरसबंदी सापडली आहे. एरास्त नावाच्या गृहस्थाने नगराधिकारीपद मिळालं म्हणून ती स्वखर्चाने करून दिली, असं त्यावर ठळक अक्षरांत कोरलेलं आहे. रोमकरांस पत्राच्या शेवटी शहराचा खजिनदार म्हणून ज्याचा सलाम येतो तो एरास्त हाच का, यावर अभ्यासकांत वाद आहे. हाच असो वा दुसरा, त्या गावाचा स्वभाव त्या दगडावर वाचता येतो.

पौल इथे दीड वर्ष राहिला. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू शिवून त्याने पोट भरलं. देल्फी इथल्या शिलालेखामुळे, पौलाला ज्याच्यापुढे उभं केलं गेलं त्या गल्लियो या रोमन सुभेदाराचा काळ इ.स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो, त्यावरून पौलाचा मुक्कामही ठरतो. पत्र त्याने त्यानंतर दोन-तीन वर्षांत इफिसहून पाठवलं. मंडळीत सभास्थानाचा अधिकारी क्रिस्प होता, मोठं घर असलेला गायस होता, स्तेफनाचं कुटुंब होतं. आणि गुलाम होते. सातव्या अध्यायात पौल त्यांच्याशी थेट बोलतो. तुमच्यात ज्ञानी, बलवान, कुलीन असे फार नाहीत, असं तो पहिल्याच अध्यायात म्हणतो. फार नाहीत, म्हणजे थोडे होतेच. सगळं घडलं ते या थोड्यांमुळे.

मंडळीला स्वतःची इमारत नव्हती. ज्याचं घर ऐसपैस त्याच्याकडे सगळे जमायचे, म्हणजे उपासना सुरू होण्याआधीच एक जण यजमान आणि बाकीचे पाहुणे झालेले. सुखवस्तू रोमन घरात जेवणाची खास खोली असे. तीन बाजूंना तीन बैठका, प्रत्येकीवर तिघे लवंडून जेवणार, साधारण नऊ माणसं. बाकीच्यांना चौकात किंवा अंगणात जागा. करिंथची मंडळी अशा श्रीमंती घरातच जमत होती की एखाद्या कारागिराच्या दुकानामागच्या खोलीत, याबद्दल हल्लीचे अभ्यासक जास्त सावधपणे लिहितात. मला तो मुद्दा निर्णायक वाटत नाही. जागा मोठी असो वा लहान, चांगल्या जागी कोण बसणार हे ठरलेलं होतं.

वेळ संध्याकाळची असावी. आठवड्याचा पहिला दिवस तेव्हा कामाचाच दिवस होता. रविवारची सुट्टी आली ती कॉन्स्टन्टाइनच्या हुकमाने, इ.स. ३२१ मध्ये. ज्याच्या हाताखाली नोकर आहेत तो दिवस कलायच्या आत येऊन बसू शकतो. गोदीवरचा हमाल, धन्याच्या स्वयंपाकघरात राबणारी दासी, यांना धनी सोडेल तेव्हा निघायचं. ते पोचेपर्यंत आत जेवणं होत आलेली. प्रत्येक जण आपलं आपलं जेवण आधीच घेतो, पौल लिहितो, एक भुकेला राहतो आणि दुसरा झिंगलेला असतो.

त्या काळी ही रीत कुणाला वावगी वाटत नव्हती, हे इथे विसरून चालणार नाही. धाकटा प्लिनी या रोमन लेखकाचं एक पत्र आहे, या घटनेनंतर अर्ध्या शतकाने लिहिलेलं. तो एका ओळखीच्या माणसाकडे जेवायला गेला. यजमानाने स्वतःपुढे आणि मोजक्यांपुढे उत्तम पदार्थ मांडले, इतरांना स्वस्तातले चार तुकडे. वाईनही तीन प्रकारच्या छोट्या सुरयांत भरलेली: एक स्वतःसाठी आणि बरोबरीच्यांसाठी, एक कमी दर्जाच्या मित्रांसाठी, एक मुक्त गुलामांसाठी. शेजाऱ्याने प्लिनीला विचारलं, तुम्ही काय करता? प्लिनी म्हणाला, मी सगळ्यांना सारखंच वाढतो. खर्च वाढत नाही, कारण माझे मुक्त गुलाम माझी वाईन पीत नाहीत, मीच त्यांची पितो. प्लिनीसारख्या सुसंस्कृत माणसाला हा प्रकार खटकला, पण खटकला तो कंजूषपणा आणि उधळपट्टी एकत्र दिसली म्हणून. करिंथच्या यजमानालाही आपण काही गैर करतोय असं वाटलं नसणार. जागा त्याची, दिवे त्याचे, बरंचसं अन्नही त्याचं. आपण मंडळीवर उपकारच करतोय, अशी त्याची भावना असेल.

त्याच सुमारास भागात धान्याची टंचाई असल्याच्या खुणाही आहेत. दिनिप्पस नावाच्या एका अधिकाऱ्याच्या सन्मानाचे बरेच शिलालेख करिंथमध्ये सापडलेत, आणि त्याच्याकडे धान्यपुरवठ्याचं काम होतं. टंचाईची नेमकी वर्षं ठरवणं अवघड आहे. पण पोटभर जेवणाची ती एकच वेळ असलेल्या माणसाला रिकामी पानं दिसणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे याला पंक्तिप्रपंच म्हणतात. पंगतीत एका पानावर तूप सढळ आणि दुसऱ्या पानाकडे वाढप्याची पाठ.

आता या प्रकरणातली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट. करिंथकरांनी पौलाला एक पत्र पाठवलं होतं, प्रश्नांचं. लग्नाबद्दल विचारलं, मूर्तींना वाहिलेल्या मांसाबद्दल विचारलं, आध्यात्मिक दानांबद्दल विचारलं. पौल एकेक प्रश्न घेऊन उत्तर देतो. जेवणाचा विषय मात्र तो ‘तुम्ही लिहिलंत’ म्हणून काढत नाही, ‘माझ्या ऐकण्यात आलं’ म्हणून काढतो. म्हणजे ज्यांनी पत्र लिहिलं, ज्यांना उपासनेतल्या दानांची एवढी चिंता होती, त्यांना हा प्रश्न प्रश्नच वाटला नव्हता. बातमी कुणी दिली ते पौल सांगत नाही. भांडणांची खबर ख्लोवेच्या माणसांनी दिली असं तो पत्राच्या सुरुवातीला सांगतो. ही माणसं तिच्या घरचे गुलाम किंवा मुक्त गुलाम असण्याचा संभव बराच आहे. जेवणाचीही हकिकत त्यांच्याकडूनच आली असावी असा माझा कयास आहे. लेखी पत्रात जे बसलं नाही ते उशिरा पोचणाऱ्यांनी तोंडी पोचवलं.

पौलाचं निदान काय? विधी चुकला असं तो कुठेही म्हणत नाही. भाकर चुकीची होती, शब्द चुकले, म्हणणारा अधिकारी नव्हता, भाव कमी पडला, यातलं काहीही नाही. तो सरळ विचारतो, खायला-प्यायला तुम्हाला घरं नाहीत काय? की तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानता आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता? त्याच्या लेखी गुन्हा हा आहे: लाजवणं. आणि लाजवलेल्या माणसाची बाजू घेऊन तो एकदम त्या रात्रीकडे वळतो, प्रभू येशूला धरून देण्यात आलं त्या रात्रीकडे. ते शब्द करिंथकरांना पाठ होते, पौलानेच शिकवले होते. पुन्हा सांगायचं कारण एवढंच, की त्या मेजाचा यजमान कोण याचा त्यांना विसर पडला होता. गायसच्या किंवा आणखी कुणाच्या घरी जमलात म्हणून मेज त्याचं होत नाही. ज्याने स्वतःला वाटून दिलं त्याचं मेज, आणि तिथे बसायची जागा कुणाच्या ऐपतीवर ठरत नाही.

पुढचा भाग आपल्या मंडळ्यांत फार गैरसमजाने वाचला जातो, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. ‘जो कोणी अयोग्य रीतीने भाकर खाईल’ हे ऐकून कितीतरी भाविक दचकतात. छोट्या पेल्यांचा ट्रे बाकावरून पुढे सरकत येतो आणि एखादी बाई तो न घेताच शेजारणीकडे देते. घरात सासूशी वाजलेलं असतं, नवरा पिऊन आलेला असतो, मन स्वच्छ नाही असं तिला वाटतं. पौल इथे अशा बाईशी बोलत नाहीये. अयोग्य म्हणजे काय ते त्याने चार वाक्यं आधी सांगितलंय: दुसरा भुकेला असताना जेवणं. स्वतःची परीक्षा करा हे त्याने सांगितलं ते आत बैठकीवर लवंडलेल्यांना. ‘शरीर’ ओळखल्याशिवाय खाऊ नका, असं तो म्हणतो. अनेक टीकाकार त्याचा संबंध भाकरीतल्या ख्रिस्ताशी लावतात आणि तो अर्थ टाकून देण्यासारखा नाही. पण पुढच्याच अध्यायात पौल मंडळीलाच ख्रिस्ताचं शरीर म्हणतो, डोळा हाताला ‘तुझी गरज नाही’ असं म्हणू शकत नाही असं सांगतो, आणि जे अवयव दुबळे दिसतात तेच अधिक गरजेचे असं ठासून म्हणतो. हे ध्यानात घेतलं तर चौकात उभा असलेला हमाल हाही त्या ‘शरीरा’चाच भाग ठरतो. त्याला न ओळखता घेतलेला घास हा पौलाच्या मते स्वतःवर न्यायदंड ओढवून घेणारा घास. तुमच्यात बरेच दुर्बळ आणि रोगी आहेत आणि कित्येक निद्रा घेत आहेत, म्हणजे मरण पावले आहेत, असंही तो लिहितो. ते वचन कठीण आहे आणि मी ते सौम्य करू इच्छित नाही. कुणाच्या आजारपणावर बोट ठेवायला मात्र ते वापरू नये, कारण पौलाने ते सबंध मंडळीला उद्देशून लिहिलं आहे.

उपाय? एकमेकांसाठी थांबा. कुणाला भूक अनावर झाली तर त्याने घरी खावं. बाकीचं मी आल्यावर पाहतो.

पहिल्यांदा वाचताना हा उपाय फार तोकडा वाटतो, आणि काही अंशी तो आहेच. जर्मन अभ्यासक गेर्ड थायसेन यांनी १९७० च्या दशकात याच मजकुरावर लिहिताना दाखवलं, की पौल श्रीमंत-गरीब हे अंतर मोडत नाही, मंडळीच्या बैठकीपुरतं त्याला लगाम घालतो. घरी जाऊन हवं ते खा, असं म्हटल्यावर घरातली विषमता तशीच राहिली. शिवाय जेवण घरी आणि भाकर मंडळीत अशी फारकत होण्याचं बीजही इथेच आहे. पुढे प्रभुभोजन म्हणजे चिमूटभर भाकर आणि घोटभर रस उरला, आणि पोटाची भूक उपासनेच्या बाहेर गेली. थायसेन यांची टीका मला पटते. तरीही ‘थांबा’ या आज्ञेला मी लहान समजत नाही. त्या समाजात धाकट्याने थोरल्यासाठी थांबायचं होतं. पौल घराच्या मालकाला गुलामासाठी थांबायला सांगतो. अन्न निवत असताना, बरोबरीचे मित्र खोळंबले असताना. आणि पत्राच्या शेवटी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवा, यरुशलेमच्या पवित्र जनांसाठी, असंही सांगतो. त्या जनांतल्या गोरगरिबांसाठी ही मदत होती.

अकराव्या ते चौदाव्या अध्यायापर्यंत सलग उपासनेचाच विषय आहे. तेरावा अध्याय, प्रीतीचा, आपण लग्नांत वाचतो, पत्रिकांवर छापतो. तो लिहिला गेला भरात आलेल्या उपासनेसाठी, जिथे देवदूतांच्या भाषांत बोलणारे होते आणि शेजारच्यासाठी थांबणारं कुणी नव्हतं. चौदाव्यात पौल एक साधी कसोटी देतो: तू आत्म्याने उपकारस्तुती करशील, पण समोरच्या साध्या माणसाला ती कळलीच नाही तर तो ‘आमेन’ कसा म्हणेल? मेजावर जे निकष तेच गाण्यात, तेच प्रार्थनेत. तुमचं प्रामाणिकपण पौलाने नाकारलेलं नाही. तो म्हणतो, तू उपकारस्तुती चांगली करतोस, पण त्याने दुसऱ्याची उभारणी होत नाही. खरेपणा केवळ अंतःकरणात तपासता येत नाही, असा माझा याच प्रकरणावरून झालेला ठाम समज आहे. करिंथकरांची अंतःकरणं पेटलेली होती.

असाच पेच भारतात पुन्हा उभा राहिला, आणि त्यातला एक धागा मराठी दरबारापर्यंत जातो. तंजावर, तिरुच्चिरापल्ली आणि मद्रासजवळच्या वेपेरीच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत वेल्लाळ या वरच्या जातीचे आणि अस्पृश्य गणलेले ख्रिस्ती वेगवेगळे बसत, आणि प्रभुभोजनाला वरच्या जातीचे आधी येत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी पत्रक काढून जातिभेद निश्चितपणे, ताबडतोब आणि कायमचा सोडावा असा आदेश दिला. बरेच लोक मंडळी सोडून गेले. त्याआधीच मिशनरींशी झगडत असलेले तंजावरचे कवी वेदनायगम शास्त्री यांना सरफोजीराजांच्या दरबाराचा आश्रय होता. त्यांची तमिळ ख्रिस्ती गीतं आजही गायली जातात. मिशनरींनी तमिळ गाणं चर्चमधून काढू पाहिलं याचं त्यांना दुःख होतं, आणि जाती एकत्र करून प्रभुभोजन देण्यालाही त्यांचा विरोध होता. गाण्याच्या बाबतीत ते बरोबर होते असं मला वाटतं. मेजाच्या बाबतीत नव्हते. एकाच माणसात ही दोन्ही मतं सुखाने नांदत होती, हे आपल्याला अडचणीचं असलं तरी उपयोगाचं आहे. नारायण वामन टिळकांचे अभंग आणि भजनं गाताना मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या भाषेत देवापुढे उभा राहतो, याचा मला अतिशय आनंद आहे. पण मातीतलं गाणं आलं म्हणून पंगत आपोआप सरळ होत नाही.

आपल्याकडे नाताळच्या किंवा हंगामाच्या सणाच्या उपासनेनंतर प्रीतिभोजन असतं. तिथे करिंथचा अकरावा अध्याय हातात घेऊन उभं राहावं. टेबल-खुर्ची कुणासाठी मांडली आहे? पाळक, पाहुणे, पंचकमिटी यांची पानं आधी लागतात का? वर्गणी न दिलेलं कुटुंब येतं, की संकोचाने घरीच राहतं? भांडी घासणाऱ्या बाया कधी जेवतात, आणि तोवर मटणाच्या पातेल्यात रस्सा सोडून काही उरतं का? खेड्यातल्या मंडळीत दहाची उपासना कुणाच्या सोयीने ठरली, शेतावर रोजाने जाणाऱ्याच्या की शहरातून गाडीने येणाऱ्याच्या? या प्रश्नांची उत्तरं वार्षिक सभेच्या अहवालात लिहिलेली नसतात, करिंथकरांच्या पत्रात नव्हती तशीच. ती विचारावी लागतात, आणि शेवटच्या पंगतीला बसणाऱ्यांनाच विचारावी लागतात. मंडळ्यांनी हे खरोखर करावं असं मला कळकळीने वाटतं. उपासनेच्या पद्धतीवर घालवलेल्या वेळाचा थोडा हिस्सा जरी यावर गेला तरी खूप होईल.

करिंथमध्ये पुढे काय झालं? पौलाच्या दुसऱ्या पत्रातून दिसतं की मधली भेट दुःखाची झाली, त्याने अश्रू गाळत पत्र लिहिलं. पण रोमकरांस पत्र त्याने लिहिलं ते बहुधा करिंथमधूनच, गायसच्या घरी राहून, आणि त्यात तो गायसला ‘माझा व सर्व मंडळीचा यजमान’ म्हणतो. म्हणजे मंडळी फुटून घराघरांत विखुरली नव्हती. अखयाच्या लोकांनी, म्हणजे करिंथच्याच प्रांताने, यरुशलेमच्या गोरगरिबांसाठी खुशीने वर्गणी केली अशीही त्यात नोंद आहे. शेवटच्या सलामांत लेखनिक तर्तिय, घरमालक गायस, खजिनदार एरास्त आणि ‘बंधू क्वर्त’ एका दमात येतात. तर्तिय आणि क्वर्त म्हणजे तिसरा आणि चौथा, ही गुलामांना सर्रास दिली जाणारी नावं. शंभर वर्षांनी, इ.स. १५५ च्या सुमारास, जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक रोममधल्या रविवारच्या उपासनेचं वर्णन करतो: वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि प्याला, सगळ्यांचा आमेन. मग जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक वाटा घेऊन जातात, आणि ऐपत असलेल्यांनी दिलेल्या पैशातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांची सोय होते. उशिरा येणाऱ्यासाठी थांबण्याच्या पुढची ही पायरी होती. खुद्द करिंथमध्ये मात्र पहिलं शतक संपता संपता पुन्हा फूट पडली. काही वडिलांना पदावरून काढलं गेलं, आणि रोमच्या मंडळीला एक लांबलचक पत्र पाठवावं लागलं. क्लेमेंटच्या नावाने ओळखलं जाणारं ते पत्र आजही उपलब्ध आहे, आणि त्यात करिंथकरांना पौलाचं पहिलं पत्र पुन्हा हातात घेऊन वाचायला सांगितलं आहे.